नात्याची सुनावणी

भांडण निघालं तेव्हा प्रफुल्ल टेम्पोत उभा राहून कापूस तुडवत होता. दुसऱ्या वेच्याचा कापूस होता, दिग्रसला न्यायचा. खालून दोघं गडी गाठोडी फेकत होते आणि हा वर गुडघाभर पांढऱ्यात पाय मारत होता. अंगावर कापूस, केसात कापूस, मिशीतही कापूस. समोर पारावर वामनराव ऊन खात बसले होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाच वॉर्डात दोघं एकमेकांसमोर उभे होते, त्यामुळे जीभ स्वस्थ बसणं कठीण.

"काय प्रफुल्लभाऊ," वामनराव म्हणाले, "लय दाबून भरून राह्यले! मतं बी अशीच भरता काय मशिनीत?"

"मतं लोकं देतेत, वामनराव. भरा नाही लागत."

"तुमाले काय फिकर म्हना! घरचीच बाई बसते मतदानाच्या टेबलावर. बहीण नाव पायते, भाऊ निवडून येते. दिवाळी सरली, पन ओवाळनी अजून बाकी दिसते!"

पारावरचे हसले. नेमकी त्याच वेळी साधना अंगणवाडीला कुलूप लावून गल्लीतून येत होती. प्रफुल्लनं तिला पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तो एवढ्या जोरात ओरडला की टेम्पोखालचं कुत्रं उठून पळालं.

"माही कोनी बहीण-फहीण नाही! साऱ्या गावाले मालूम हाय. माय मेली त्याच दिवशी बहीण बी मेली माही. पुन्हा नाव काढसान तं याद राखा!"

वामनरावांनी मान खाली घातली. गमतीनं फेकलेला खडा भलत्यालाच लागला होता. साधना थांबली नाही आणि चालही वाढवली नाही. चावी मुठीत धरून ती पारासमोरून गेली, माझ्या दारावरून गेली आणि आपल्या घरात शिरली. तिच्या माझ्या घराला मधली भिंत एक आहे. त्या दिवशी तिच्या घरातून भांड्याचा आवाज आला नाही, म्हणजे चूल पेटली नाही.

ही दोघं भावंडं माझ्या शाळेत शिकली. त्यांचा बाप उकंडा, घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पहिलीत दोघांत एकच पाटी. प्रफुल्ल एका बाजूला अंक काढायचा, साधना दुसऱ्या बाजूला अक्षरं. तपासायला घेतली की पाटी उलटी करावी लागायची आणि उलटी करताना एकाचं पुसायचं. मग ते रडायचं आणि दुसरं त्याला आपली पेन्सिल द्यायचं. शाळेत पोरं येतात-जातात, सगळीच लक्षात राहत नाहीत. ही राहिली.

साधनाचं लग्न नेरकडे झालं होतं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. ती माघारी आली, पण भावाच्या घरात राहिली नाही. अंगणवाडीत लागली आणि वस्तीच्या कडेला दोन खोल्या बांधून वेगळी राहू लागली. भावाशी तेव्हा वाईट नव्हतं. शेतातली तुरीची शेंग, हरभऱ्याचा घाटा आधी तिच्या दारात यायचा. मग त्यांची माय रुखमाबाई आजारी पडली. अर्धं अंग गेलं. प्रफुल्लच्या घरी सून होती, माणसं होती, सगळं होतं. पण म्हातारीनं हट्ट धरला, मले साधनाच्या घरी ठेवा, ते एकटी हाय. आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली ती परत आली नाही. तिथंच गेली. त्या दिवशी प्रफुल्ल कापूस घेऊन दिग्रसला होता. फोन लागला नाही. तो आला तेव्हा माय थंड झाली होती.

आपल्याकडे मुलगा असताना माय पोरीच्या दारात मेली, तर लोक लेकाला काय म्हणतात, सांगायला नको. मातीला आलेल्यांपैकीच कोणीतरी म्हणालं, लेकानं काढून देल्ली वाटते. प्रफुल्लच्या कानावर ते गेलं. त्यानं त्या बोलणाऱ्याला काही म्हटलं नाही. तिरडी साधनाच्या दारातून उचलून आधी स्वतःच्या अंगणात नेली, तिथं थोडा वेळ टेकवली आणि मगच मसणात नेली. त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं बंद. चूक कोणाची होती, असं मला विचाराल तर कोणाचीच नव्हती. म्हणूनच अबोला मिटला नाही. चूक असती तर माफ करता आली असती.

अंगणवाडीबरोबर साधनाकडे मतदार यादीचंही काम होतं. गाव तिला बीएलओ बाई म्हणतं. अठरा वर्षांच्या पोरांची नावं घालायची, मेलेल्यांची काढायची, मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाजवळ टेबल टाकून लोकांचा अनुक्रमांक शोधून द्यायचा. तर पारावरच्या त्या भांडणानंतर तालुक्याला बैठक झाली आणि तिथं नियम वाचून दाखवला गेला. निवडणुकीच्या कामावरच्या ज्या माणसाचं जवळचं नातं उमेदवाराशी असेल, त्यानं ते लेखी कळवायचं. त्याला त्या केंद्रापासून दूर ठेवलं जाईल.

संध्याकाळी साधना माझ्याकडे आली. ओट्यावर बसली. थंडी पडली होती, तिनं शालीत हात लपवले.

"गुरुजी, काय लिहू जी?"

"खरं असन ते लिही."

"खरं कोनतं? तो म्हनते मी त्याची कोनी नाही. साऱ्या गावानं आयकलं. मंग मी काहून जबरदस्तीनं बहीण होऊ?"

मी म्हटलं, "शाळेत कबड्डी खेळायचो, आठवते? ज्याचा भाऊ खेळते त्यानं शिट्टी वाजवायची नाही, असं मी म्हनायचो. तुले राग यायचा."

"यायचा तं! मी काय लबाड होती?"

"नव्हती. पन दुसऱ्या पोराईनं बिनफिकर खेळावं, त्याच्यासाठी. शिट्टी घेनारा चोर हाय म्हनून नाही."

तिनं शाल अंगाभोवती ओढली. मग म्हणाली, "ज्याचा भाऊ बोलतच नाही तिनं बी नाही वाजवायची?"

"नियमाले बोलाचाली कुठं मालूम असते, बाई. त्याले माय कोन, बाप कोन, एवढंच समजते."

"मंग नियम माह्यापेक्षा बरा हाय," ती हसल्यासारखं करून म्हणाली. "त्याच्याजवळ तं भाऊ हाय माहा."

मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही. शालीचे दोरे ओढत राहिली.

"तुमाले एक सांगतो, गुरुजी. कोनाले सांगू नका. मतदानाच्या दिवशी सारं गाव माह्या टेबलाशी येते. एरवी माह्या घरी कोन येते? पोट्टे अंगनवाडीतून घरी गेले का मी अन् भित्ती. त्या दिवशी मात्र लाइन लागते. त्यात तोही येते. मी खाली मान घालून म्हनतो, नाव सांगा. मले काय त्याचं नाव मालूम नाही? पन म्हनतो. मंग त्याले बोला लागते. 'प्रफुल्ल उकंडा', म्हनते. बस. आमदारकीच्या वक्ताले म्हनलं, खासदारकीच्या वक्ताले म्हनलं. मायच्या मागं एवढंच बोलला तो माह्याशी."

मी आतून कागद आणि पेन आणून ओट्यावर ठेवला.

"लिहिलं तं टेबल जाईन," ती म्हणाली. "नाही लिहिलं तं दोन शब्द भेटतीन. पन ते चोरीचे होतीन, नाही का?"

"तूच पाय."

"पायलं जी. म्हनूनच तं तुमच्याकडे आली. सोबत कोनी असलं का लिहाले बरं."

तिनं माझ्या ओट्यावर बसून लिहिलं. 'प्रफुल्ल हा माझा सख्खा भाऊ आहे.' अक्षर अजून तसंच गोल, पाटीवरचं.

चार ओळींनी गावात काय होतं ते पाहायचं असेल तर असं काही लिहून बघावं. साधनाला केंद्रावरून काढलं आणि शेजारच्या गावची अर्पिता नावाची बाई तिच्या जागी आली. वामनरावांची माणसं सांगू लागली, "काढली तिले! काही तरी घोटाळा सापडला असन, त्याबिगर काढतेत काय?" प्रफुल्लची माणसं त्याहून पेटली. "आपल्याच बाईनं आपल्याले चोर ठरवलं. अन् ते नवी अर्पिता कोन? वामनरावच्या भाच्याच्या सासरच्या गावची!" म्हणजे ज्यांचं रक्ताचं नातं होतं त्यांचं नातं नव्हतं, आणि ज्यांचा बांधाला बांध लागत नव्हता ते सोयरे ठरले. साधनाकडे लसीची तारीख विचारायला येणाऱ्या बायाही आता लेकरू दारातच उभं करून बोलू लागल्या. नळावर ती आली की गप्पा थांबायच्या. ती पाणी भरून निघाली की पुन्हा सुरू.

मग प्रफुल्लच्या पॅनलच्या पोरांनी डोकं लावलं. साधना टेबलावर होती तेव्हा निदान सरळ होती, ही नवी नको. तिला परत आणायचं तर नातंच नाही असं दाखवायचं. त्यांनी अर्ज केला, प्रफुल्लनं सही केली. रेशनकार्ड वेगळं, चूल वेगळी, येणं-जाणं बंद, लग्नकार्यात बोलावणं नाही. तरी सदर महिलेचा उमेदवाराशी कोणताही संबंध नाही. आपल्या गावात हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. बोलाचाली बंद म्हणजे नातं बंद, असं आपण मानतोच. पण सही करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. हा अर्ज खरा ठरला, तर साधनाचं लिहिणं खोटं ठरत होतं. आणि निवडणुकीच्या कामात खोटं लिहिलं तर अंगणवाडीच्या नोकरीवर यायला वेळ लागत नाही.

हे मी साधनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"त्याले जाऊन सांगू काय मी?" मी विचारलं.

"नका जाऊ, गुरुजी. तुमी सांगसान अन् तो मले बहीण म्हनीन, तं ते तुमच्या भिडेनं होईन."

"नोकरी जाईन, पोरी."

"जाऊ द्या. त्याच्या मनात असन तं म्हनन."

निवडणुकीचे साहेब चौकशीला आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. तरुण, चष्मा लावलेला, बोलायला शांत माणूस होता. खाली मैदानात अर्धं गाव जमलं. पोरं पिंपळाच्या कट्ट्यावर चढली. एका बाजूला प्रफुल्ल आणि त्याची बायको दीपा, दुसऱ्या बाजूला साधना एकटी. मी मध्ये खुर्चीत बसलो होतो, म्हातारा म्हणून दिलेली खुर्ची. वामनराव मागे उभे राहून सुपारी कातरत होते. त्यांचा काही अर्ज नव्हता, पण तमाशा फुकटचा होता.

साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "ही सही तुमची?"

"हो जी."

"या बाईंशी तुमचं नातं नाही?"

"बोलाचाली नाही आमची."

"मी नातं विचारलं."

"कार्ड बी वेगळं हाय, साहेब. चूल बी..."

"चुलीचं नका सांगू. तुमच्या वडिलांचं नाव?"

"उकंडा."

"आईचं?"

प्रफुल्ल थांबला. मायचं नाव त्यानं लोकांत घेतलेलं, ती गेल्यानंतर मी ऐकलं नव्हतं.

"रुखमाबाई."

साहेब साधनाकडे वळले. "तुमच्या आईचं नाव?"

"रुखमाबाई उकंडा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढच्या बायांनी एकमेकींना विचारलं, काय म्हनली?

"आता सांगा," साहेब प्रफुल्लला म्हणाले, "या बाईंनी मला लिहून दिलंय की तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ. तुम्ही लिहून दिलंय की संबंध नाही. दोघांपैकी एकाचं खोटं आहे. ज्याचं खोटं त्याच्यावर मला लिहावं लागेल. बाईंचं खोटं आहे का?"

मागून पॅनलचा एक पोरगा म्हणाला, "हो म्हना, भाऊ!" दीपानं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्याच्या मागं सरकला.

प्रफुल्लनं साधनाकडे पाहिलं नाही. त्यानं टेबलाच्या पायाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. वर्गात एखादं पोरगं अडलं की त्याच्याकडे बघायचं नसतं. बघितलं की ते मास्तरला आवडेल असं उत्तर शोधतं, खरं शोधत नाही.

वामनराव मागून पुटपुटले, "पान्यात काठी मारली म्हनून काय पानी तुटते?" टोमणा होता की समजूत, त्यांनाच माहीत. पण कोणी हसलं नाही.

"नाही जी," प्रफुल्ल म्हणाला.

"काय नाही?"

"तिचं खोटं नाही. बहीण हाय माही."

"मोठ्यानं सांगा, लिहायचंय मला."

"बहीण हाय!" तो ओरडला. त्या दिवशी पारासमोर ओरडला होता, तेवढ्याच जोरानं. "एका मायची हाय. लिहा!"

साहेबांनी लिहिलं. अर्ज निकाली निघाला, साधनाचं म्हणणं खरं ठरलं, नोकरी वाचली आणि टेबल गेलं ते गेलंच. लोक पांगू लागले. पायऱ्या उतरताना दोघं समोरासमोर आली. साधनाच्या चेहऱ्यावर काही फुटू पाहत होतं. प्रफुल्ल तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाला, "सायबाच्या कागदात हाय, तिथंच राहू दे. घरी नको आनू."

आणि तो निघून गेला. ती खांबाला हात लावून उभी राहिली. मी जवळ गेलो. म्हटलं, "चाल पोरी." ती म्हणाली, "चाला. कुठं तरी तं हाय, गुरुजी. कागदात तं कागदात."

मतदानाच्या दिवशी सकाळपासून शाळेकडे गलका होता. पॅनलची पोरं म्हाताऱ्यांना मोटरसायकलवर बसवून नेत होती. साधनाच्या दारावरून कोणी गेलं नाही. तिला न्यायला येणार कोण? एका बाजूचे म्हणायचे, तिचं मत भावालाच. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, तिचं मत वामनरावला. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती एकटी गेली, मत देऊन आली, आणि उरलेला दिवस दारात बसून होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. एकदा तर तिनं झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भिंतीपलीकडून मला खराटा ऐकू येत होता.

मोजणी तालुक्याला झाली. प्रफुल्ल थोडक्यात निवडून आला. वामनरावांनी तिथंच त्याच्या गळ्यात हार टाकला म्हणे आणि म्हणाले, "घ्या, तुमचं पीक आलं. आता पाच वर्स कीड आमी होतो."

दिवस मावळायच्या आत मिरवणूक गावात आली. पुढं शामचं डफडं, मागं पोरं, गुलालानं रस्ता लाल. आधी सगळे विहारात गेले. तिथं वंदन करून वस्तीतून फिरायला निघाले. आमच्याकडे निवडून आलेल्या माणसाची मिरवणूक बहिणीच्या दारात थांबते. ती भावाला पाणी देते, मगच वाजंत्री पुढं जाते. ज्याला गावात बहीण नाही, त्याची सरळ पुढं जाते. प्रफुल्लच्या पॅनलच्या पोरांनी तेच धरलं होतं. ती साधनाच्या दारावरून नाचत पुढं गेली आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की डफडं मागंच राहिलं.

शाम साधनाच्या दारासमोर उभा होता. वाजवत होता, पण पाय हलवत नव्हता.

"चाल बे शाम!" पोरं ओरडली.

"कुठं चालू?" शाम म्हणाला. "बहिणीचं दार हाय. पानी झाल्याबिगर वाजंत्री हालते काय?"

"अरे त्याईचं बोलनं नाही!"

"मले काय सांगता? शाळेत साऱ्या गावासमोर म्हनला तो. मी पिंपळाखाली उभा होतो. बहीण हाय म्हनला, तं हाय."

गर्दी मागं वळली. आता मध्ये प्रफुल्ल आणि समोर दार. दीपा त्याच्या मागं उभी होती. तिनं त्याला ढकललं नाही. गुलालात त्याच्या चेहऱ्यावरचं काही दिसत नव्हतं. हेच ते दार, जिथून त्यानं मायला उचललं होतं. डफडं चालूच होतं. मी माझ्या ओट्यावरून उठून उभा राहिलो, कशासाठी ते मला माहीत नाही.

साधना बाहेर आली. हातात तांब्या होता. ती उंबऱ्यावर थांबली, मग दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर आली, म्हणजे त्याला दारात यायला नको. प्रफुल्लनं ओंजळ पुढं केली. तिनं पाणी ओतलं. तो प्यायला. गुलाल लागलेल्या हातांतून लाल पाणी गळत होतं आणि तरी तो ओंजळ मागे घेत नव्हता. तांब्या संपला तेव्हा त्यानं हात झटकले, मान खाली घालून वळला आणि चालू लागला. शामनं डफड्यावर जोरात थाप मारली. मिरवणूक कोपऱ्यावरून वळली आणि हळूहळू आवाज बारीक झाला.

साधना रस्त्यावरच उभी होती. मी ओटा उतरून जवळ गेलो आणि विचारलं, "काही बोलला काय पोरी?"

"नाही जी," ती म्हणाली. मग तांब्यात पाहिलं. "पन सारं पेला."